‘सांगत्ये ऐका’: हंसा वाडकरांचं आत्मकथन घेताना आणि वाचताना

नटी हंसा वाडकर यांचं हे आत्मकथन ऑनलाइन शोधताना पहिली अडचण येते ती नावातल्या ‘त्ये’ची. ‘सांगते ऐका’ असं टाइप केलं की बऱ्याचदा पुस्तक दिसतच नाही, आणि ‘सांगत्ये ऐका’ टाकलं की आधी १९५९चा सिनेमा समोर येतो. तेव्हा नावापुढे ‘हंसा वाडकर’ आणि प्रकाशकाचं नाव ‘राजहंस’ हे दोन्ही जोडा. नाव सिनेमाचंच आहे. अनंत माने यांचा तो तमाशापट पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला, आणि हंसाबाईंची ओळख त्याला कायमची चिकटली. ‘सांगत्ये’ हे रूप मात्र नीट ऐकण्यासारखं आहे. जुन्या बायकांच्या बोलण्यातलं, खास स्त्रीलिंगी क्रियापद ते. करत्ये, जात्ये, सांगत्ये. सगळं पुस्तक याच आवाजात आहे.

पुस्तक १९७०चं, राजहंस प्रकाशनाचं. हंसाबाईंनी सांगितलं आणि अरुण साधू यांनी शब्दांकन केलं. ‘माणूस’ साप्ताहिकातून ते आधी वाचकांपुढे आलं होतं. साधूंनी इथे केलेलं काम दिसत नाही, हेच त्या कामाचं मोठेपण. शब्दांकन करणाऱ्याला भाषा ‘सुधारण्याचा’ मोह होतो, मग सांगणारी बाई हरवते आणि वर्तमानपत्री मराठी उरते. इथे वाक्यं आखूड आहेत, बोलता बोलता तुटणारी आहेत, आणि सर्वांत वाईट गोष्टी सर्वांत साध्या शब्दांत येतात. रडारड नाही, स्वतःची वकिलीही नाही.

वाचायला बसण्याआधी एका कागदावर वर्षं लिहून घ्या. ही आठवणींची हकिकत आहे, सनावळी नव्हे. एखादा प्रसंग पुढचा की मागचा, यात वाचक हमखास अडकतो. खुणेचे दगड म्हणून एवढे पुरेत: १९३६ ‘विजयाची लग्ने’, तेव्हा ही मुलगी जेमतेम बारा-तेरा वर्षांची, १९३९ ‘नवजीवन’, बॉम्बे टॉकीजचा, १९४१ ‘संत सखू’, प्रभातचा, १९४७ ‘लोकशाहीर रामजोशी’, १९५० ‘पुढचं पाऊल’, १९५९ ‘सांगत्ये ऐका’. १९७१मध्ये त्या गेल्या. पुस्तक बाहेर आल्यावर वर्षभराच्या आसपासच.

एरवी ‘संसारामुळे कारकीर्द थांबली’ असं नटीबद्दल सहज म्हटलं जातं. इथे गोष्ट उलटी सुरू होते. घरात खायची भ्रांत, म्हणून पोरवयात ती कॅमेऱ्यासमोर उभी राहते. मूळचं नाव रतन साळगावकर, पडद्यासाठी ती हंसा वाडकर होते. लग्नानंतर तिला घर हवंय, मुलं हवीत, काम सोडायचंय. पण तिच्या कामावर घर चालतं, आणि नवराच तिची कंत्राटं बघतो. मातृत्वाची ओढ आणि चित्रीकरण यांची ओढाताण ज्या पानांवर आहे ती सावकाश वाचा. थांबायचं होतं तेव्हा तिला थांबू दिलं नाही. पुढे भांडणाच्या भरात घर सोडून ती एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या खेड्यात जाते, आणि तिथे मात्र काम पुरतं सुटतं. त्याच्या घरात आधीच्या बायका आहेत, बाहेर पडायची मुभा नाही. नावाजलेली नटी वाड्याच्या चार भिंतींत जवळपास तीन वर्षं काढते. सुटका होते तीही नवऱ्याच्या मदतीने, आणि त्या सुटकेच्या कागदपत्रांच्या कामातच एका अधिकाऱ्याकडून तिच्यावर अत्याचार होतो. हा भाग काही ओळींत येऊन जातो. घाईने पान उलटलं तर चुकतो, म्हणून आधीच सांगितलं.

आता उणिवा. अभिनयाबद्दल फार थोडं आहे. ‘लोकशाहीर रामजोशी’त बया ही भूमिका उभी करताना लावणीची अदा कशी बसवली, ‘संत सखू’सारख्या भक्तिपटातून थेट तमाशाच्या फडावर जाताना चालणं-बोलणं कसं बदललं, हे जाणून घ्यायचं असेल तर पुस्तक फारसं हाती लागू देत नाही. त्यासाठी हे दोन सिनेमे लागोपाठ पाहावेत. स्टुडिओंचा कारभार, पगार, करार यांची माहितीही तुकड्यातुकड्यांत येते. मराठी चित्रपटाचा इतिहास म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्याची निराशा होईल.

‘भूमिका’ पाहिलाय म्हणजे पुस्तक कळलं, असंही समजू नका. श्याम बेनेगल यांनी १९७७मध्ये यावरून तो चित्रपट केला, आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट थोर आहे, पण त्यातली नायिका उषा अबोल आहे. तिच्या मनातलं आपण तिच्या चेहऱ्यावरून वाचतो. हंसाबाई स्वतः बोलतात, स्वतःच्या चुकांसकट, दारूसकट. शक्य असेल तर आधी पुस्तक वाचा, मग चित्रपट पाहा. उलट केलं तर पानोपानी स्मिता पाटीलच दिसत राहतात आणि हंसाबाईंचा आवाज दबतो.

जुनी प्रत मिळाली तर पैसे देण्याआधी शिवण बघा. त्या काळच्या पुस्तकांचा कागद पिवळा पडून कडेला मोडतो आणि मधला एखादा फर्मा, म्हणजे सोळा पानं, सुटून गेलेला असतो. पान क्रमांक सलग आहेत का, हे उभ्या उभ्या चाळून होतं. पहिलं आणि शेवटचं पान तेवढं बघून प्रत घेऊ नका. पुस्तक लहान आहे, एक फर्मा गेला तर कथेतली कितीतरी वर्षं जातात.

परदेशात वाढलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांचं इंग्रजी भाषांतर आहे. कथा पोचते. ‘सांगत्ये’मधला सूर मात्र मराठीतच आहे, तेव्हा घरात कुणी वाचून दाखवणारं असेल तर मूळ पुस्तकच मोठ्याने वाचावं. ते मुळात सांगितलेलंच आहे, कानाला लगेच लागतं.