गुडघ्यासाठी सोनोग्राफी की एमआरआय?

वडोदऱ्यात दांडियाबाजारला राहणाऱ्या आमच्या मावशींचा गुडघा आठ महिने ठणकतोय. एक्स-रेत वयाची थोडी झीज, बाकी काही नाही. आता घरात वाद: आधी सोनोग्राफी की थेट एमआरआय?

सोनोग्राफी बरीच स्वस्त आणि लवकर उरकणारी. एमआरआयला साधारण अर्धा तास निश्चल पडावं लागतं. पेसमेकर असेल तर आधी सांगायलाच हवं. किरणोत्सर्ग दोन्हींत नाही.

खरा फरक दिसण्यात. सोनोग्राफीला वरवरचं छान दिसतं: गुडघ्यामागची बेकर गाठ, वाटीखालची कंडरा, सांध्याच्या खाली आतल्या बाजूला सुजलेली बर्सा (घर्षण टाळणारी द्रवाची छोटी पिशवी). दुखतं तिथेच प्रोब टेकवून, पाय वाकवून बघता येतं. पण हाडाच्या आत ती आंधळी. मुळाशी फाटलेला मेनिस्कस (दोन हाडांमधली कूर्चेची गादी), कूर्चेखालचं बारीक फ्रॅक्चर, रक्तपुरवठा तुटून मरू लागलेलं हाड हे एमआरआय पकडतो, एक्स-रे स्वच्छ असतानाही. उशीर झाला तर हाड खचू शकतं, तेव्हा इथे काटकसर नको. मात्र पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही फाटलेला मेनिस्कस सापडतो. नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नये.

(कुठल्याही तपासणीआधी डॉक्टरांनी खुबा फिरवून पाहिला का? खुब्याचं दुखणं गुडघ्यात उमटतं.)

एका बोटाने दाखवता येणारं दुखणं किंवा मागे फुगवटा असेल तर सोनोग्राफी पुरे. रात्रीचा ठणका, पाय टेकवेना किंवा सांधा अडकतो, तर एमआरआय. मावशींना जिना उतरताना ‘कट्’ आवाज आला आणि तेव्हापासून हे सुरू झालं. मेनिस्कस मुळाशी फाटतो तेव्हा असं होऊ शकतं, म्हणून त्यांनी एमआरआयच करावा.