सेसना १५२: दहा महिने, ३४ तास आणि पुढच्या चाकाची थरथर

गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तेच झालं. उतरताना विमानाची मागची चाकं नीट टेकली, नाक खाली आलं आणि चाळीस नॉटच्या (ताशी ७४ किमीच्या) आसपास पुढचं चाक थरथरायला लागलं. आधी पेडलं बुटाखाली बारीक हलतात. दोन सेकंदांत सगळं पॅनेल खडखडायला लागतं आणि काटे वाचता येत नाहीत. शिमी म्हणतात ती हीच. विमान पुन्हा हँगरमध्ये गेलं, पुढचे दोन स्लॉट गेले, बुकिंगचे पैसे मात्र परत नाहीत, ‘पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू’ एवढंच उत्तर. म्हणून दहा महिन्यांचा हिशेब लिहून ठेवतोय. ऑक्टोबर ते जुलै, ३४ तास, सगळे नागपूरहून, भाड्याच्या सेसना १५२ वर, म्हणजे दोन माणसांच्या छोट्या विमानावर. लायसन्स, मेडिकल, आरटीआर (रेडिओवर बोलण्याचा परवाना) हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरतो.

विमान उत्तम आहे. वाक्य आत्ताच लिहितो, कारण पुढे तक्रारच जास्त आहे. आणि त्या तक्रारीचा दोष विमानाच्या माथी मारता येत नाही, हे कळायला मला जुलै उजाडावा लागला.

आधी शिमीबद्दल माझी समजूत काय होती ते सांगतो. पुढच्या चाकाच्या दांड्याला एक छोटा सिलिंडर आडवा लावलेला असतो, तो शिमी डॅम्पर. आत लाल हायड्रॉलिक तेल आणि बारीक भोकाचा पिस्टन. चाक झटक्याने डावी-उजवीकडे वळायला गेलं की तेलाला त्या भोकातून हळूहळूच जाता येतं, म्हणून झटका मरतो. ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) कडक झाली की तेल झिरपतं, तेलाच्या जागी हवा शिरते आणि हवा सहज दबत असल्याने चाक मोकळं सुटतं. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर मरतं, त्यामुळे ‘डॅम्पर गेला’ हे उत्तर पटण्यासारखंच होतं. डिसेंबरात तेल भरलं आणि ‘१५२ चं पुढचं चाक कमकुवत’ असं मी ठरवून टाकलं, एप्रिलमध्ये ओ-रिंगसकट भरलं. दोन्ही वेळा काही आठवडे बरे गेले आणि थरथर परत आली. दरवेळी तेल भरून विमान सोडणाऱ्यांनी एकदाही नाक उचलून चाक हाताने हलवून पाहिलं नव्हतं. राग आहे तो याचा.

त्याबद्दल पुढे. मधे बाकीचं, कारण ३४ तासांत शिमी फार तर चार मिनिटं झाली असेल.

डिसेंबर-जानेवारीची सकाळ हा या विमानाचा खरा मोसम. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, उंची समुद्रसपाटीपासून १०३३ फूट. पहाटे १० अंश तापमान असलं की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या दाटपणावरून विमानाला जाणवणारी उंची) सहा-सातशे फुटांवर येते, म्हणजे विमानाला आपण जमिनीपेक्षाही खाली असल्यासारखं वाटतं. ११० हॉर्सपॉवरचं इंजिन तेव्हा जोमाने ओढतं, ६७ नॉटवर नाक धरलं की चढ सरळ आणि हवा तेलासारखी गुळगुळीत. पंख डोक्यावर असल्याने खाली सगळं उघडं दिसतं: अंबाझरी आणि फुटाळा तलाव, उत्तरेला कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी, मग कन्हान नदीचं वळण. रामटेकचा डोंगर आणि खिंडसीचं पाणी नव्वद नॉटवर सतरा-अठरा मिनिटांत समोर येतं. परवानगी मिळाली तर गडाच्या बाजूने रुंद वळण घ्या. डाव्या वळणात डावा पंख खाली जातो आणि दृश्य थोडं झाकतो, वरच्या पंखाच्या विमानाची एवढी एकच अडचण.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. १५२ ची खिडकी उडताना उघडता येते, थेट १४९ नॉटपर्यंत, म्हणजे विमानाच्या कमाल मर्यादेपर्यंत. कडी सोडली की हवाच ती पंखाच्या खालच्या अंगाला नेऊन चिकटवते आणि तिथे धरून ठेवते. फोटोला काच आडवी येत नाही. खिडकी उघडण्याआधी नकाशे आणि चेकलिस्ट मांडीखाली दाबा. मे महिन्यात याचा उपयोग फोटोपेक्षा जास्त. पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना ओढून बाहेर काढायच्या हवेच्या नळ्या आहेत, त्याही तोंडाकडे वळवून घ्या.

उन्हाळ्याबद्दल मत बदललं. मार्चमध्ये लिहिलं असतं तर ‘एप्रिल ते जून पैसे वाया घालवू नका’ असं लिहिलं असतं. आता म्हणेन, सहाचा स्लॉट मिळाला तरच घ्या, पण मिळाला तर जरूर घ्या. नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांतही, पहाटे ३० अंशांवर डेन्सिटी अल्टिट्यूड तीन हजार फुटांच्या घरात असते. तेच साडेअकराला ४२ अंशांवर साडेचार हजारांच्या जवळ जाते. समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट चढणारं विमान तेव्हा पाचशेच्या आसपास चढतं, आणि जुन्या इंजिनाकडून तेवढीही अपेक्षा धरू नये. दहानंतर तापलेल्या शेतांवरून जे भोवरे उठतात त्यांत या हलक्या विमानाचे इतके हेलकावे होतात की मजा संपते आणि नुसती झटापट उरते.

वजनाचं थोडक्यात. कमाल ७५७ किलो. विमानागणिक फरक पडतो, पण माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण २४० किलो हाती असतात. पूर्ण टाकीचं वापरता येणारं इंधन ९३ लिटर, त्याचे ६७ किलो गेले. उरलेल्या १७३ मध्ये ऐंशी-ऐंशी किलोचे दोघं बसतात, नव्वदीचे दोघं बसत नाहीत. तासाला २३ लिटर धरून दीड तासाच्या फेरीला टाकी भरायची गरजच नसते. ‘भरून ठेवलंय’ असं सांगितलं गेलं तर वजन स्वतः मांडा.

स्पार्क प्लगचा त्रास मात्र सगळ्यांना होतो. एव्हगॅस १०० एलएल या छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. आपल्याकडे ते बाहेरून यायचं, २०२२ च्या सप्टेंबरपासून इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं बाजारात आणलं. या ओ-२३५ इंजिनाचे खालचे प्लग शिसं धरण्यात बदनाम आहेत. इंजिन मंद चालत असताना प्लगचं टोक थंड राहतं, शिसं वाफ होऊन निघून जात नाही आणि मोहरीएवढे करडे मणी इलेक्ट्रोडपाशी अडकतात. नागपूरला एअरबस जाईपर्यंत धावपट्टीआधीच्या होल्डिंग पॉइंटवर थांबा, तिच्या मागच्या भोवऱ्यांसाठी आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, या सगळ्यात प्लग बिघडायला पुरेसा वेळ मिळतो. मग १७०० आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) मॅग्नेटो, म्हणजे प्लगना ठिणगी देणारी दोन यंत्रं, एकेक करून तपासताना आरपीएमची घट १२५ च्या पुढे जाते किंवा दोन्हींतला फरक ५० च्या वर निघतो आणि परत फिरावं लागतं.

उपाय फुकटातला आहे. विमान जमिनीवर चालवत नेताना इंजिन ६०० वर रेंगाळू देऊ नका, १००० ते १२०० ठेवा. मिक्श्चर (हवेत किती इंधन मिसळायचं ते ठरवणारी खुंटी) जमिनीवरच मागे ओढा: आरपीएम किंचित वाढतो, त्याच्याही पुढे थोडं ओढा. इतकं की चुकून थ्रॉटल उघडलं तर इंजिनाने अडखळायलाच हवं. अर्धवट ओढलेलं मिक्श्चर टेकऑफच्या वेळी विसरलं जातं आणि ते घातक आहे. भरपूर ओढलेलं विसरताच येत नाही. तरीही घट दिसली तर २००० आरपीएमवर मिक्श्चर ओढून मिनिटभर तापू द्या, पूर्ण पुढे करा, पुन्हा तपासा. दोनदा करून सुटलं नाही तर परत फिरा. ही सवय लावल्यापासून मॅग्नेटोपायी एकही फेरी गेलेली नाही.

पावसाळ्यात आणखी एक. बाहेर २४ अंश आणि हवा ओली असताना कार्ब्युरेटरात बर्फ धरतो, हे नागपुरात पटत नाही, पण जुलैत ते होतंच. थ्रॉटलला हात न लावता आरपीएम हळूहळू पन्नासेक खाली सरकला की कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी) पूर्ण ओढा. इंजिन आधी आणखी खडबडतं, मग सावरतं. खडबडलं म्हणून घाईने परत ढकलू नका.

पैशांचं गणित तासाच्या दरात नसून मीटर कोणता आहे त्यात आहे. टॅकोमीटरचे तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजले जातात, १००० आरपीएमवर थांबलात तर तो निम्म्याहूनही हळू पळतो. हॉब्स मीटर घड्याळासारखा, इंजिन चालू की मिनिटाला मिनिट. आपल्या विमानतळावर पंधरा मिनिटं थांबणं नेहमीचं, त्यामुळे हॉब्सवर बिल लावणारा स्वस्त दर शेवटी महाग पडतो. पैसे भरण्याआधी हे एवढं विचारा.

आता पुन्हा पुढचं चाक.

जुलैत अखेर दुसऱ्या एका एएमईने (विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरने) नाक उचललं. शेपटाजवळ, स्टॅबिलायझरच्या (शेपटाच्या आडव्या पंखाच्या) पुढे, धडावर दाब दिला की नाक वर येतं. स्टॅबिलायझरवर दाबायचं नाही. त्याने टायर दोन्ही हातांत धरून पिळला. डॅम्पर हलण्याआधीच चाक चांगलं बोटभर फिरलं. कात्रीसारखे दोन जोडलेले हात असतात ना, टॉर्क लिंक, त्यांच्या बोल्टांभोवतीचे बुश (छोट्या नळ्या) झिजून गेले होते. डॅम्परला कामच मिळत नव्हतं. चाक आधी त्या ढिलाईत थरथरायचं, डॅम्पर त्याच्यानंतर आडवा यायचा. आणि त्या माराने डॅम्परचीही ओ-रिंग फुटायची. तेल गळणं हा परिणाम होता, आम्ही त्यालाच कारण समजत होतो. दोन बुशची जोडी, वॉशर आणि अर्ध्या दिवसाचं काम.

दुसरं कारण टायरमधली हवा. पुढच्याला ३० पीएसआय, मागच्यांना २१. ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशांना बरोबर ३० भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना २६ च्या आसपास दाखवतो, एक बुडबुडाही हवा न गळता. मऊ टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि थरथर सुरू करायला तेवढं पुरतं. पहिली शिमी डिसेंबरात का आली याचं उत्तर इथे आहे. गेज पहाटेच लावा, उडण्याआधी, टायर थंड असताना.

तिसरं कारण आपण स्वतः. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर. १५२ ला चाकं टेकल्यापासून थांबायला तिचा दहावा भागही लागत नाही. मग मागे बोइंग आहे, टॉवर लवकर बाहेर पडा म्हणतो, मीटर पळतोय, म्हणून सगळे वेगात टेकतात आणि नाक लगेच खाली टाकून वळणापर्यंत पळवतात. फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) पूर्ण घेऊन ५५ ते ६५ नॉटवर यायचं असताना सत्तर धरतात. उन्हाळ्यात त्यात भर पडते: काट्यावर तेवढेच नॉट असले तरी विरळ हवेत जमिनीवरचा खरा वेग सहा-सात टक्के जास्त असतो, आणि चाकाला काट्यावरचे नॉट माहीत नसतात. मीही हेच करत होतो. आता मागची चाकं टेकल्यावर योक (हातातलं सुकाणू) हळूहळू पोटाकडे घेत राहतो, नाक आपणहून पडेपर्यंत. थरथर सुरू झालीच तर ब्रेक दाबायचा नाही, ब्रेकने सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. ब्रेक सोडा, थ्रॉटल बंद, योक पूर्ण मागे. वेग तीसच्या खाली आला की शांत होतं.

म्हणून डिसेंबरातलं ‘१५२ चं पुढचं चाक कमकुवत’ हे मत मागे घेतो. १९८५ पासून नव्याने बनलेलंच नाही असं हे विमान, चाळीस वर्षांच्या लोखंडाला बुश बदलून मागण्याचा हक्क आहे. तेल न लागणारे रबरी डॅम्परही मिळतात, पण बुश झिजलेले असताना ते बसवणं म्हणजे पुन्हा तीच चूक.

कुठूनही भाड्याने घेताना उडण्याआधीच्या फेरीत या तीन गोष्टी करा. डॅम्परच्या दांड्यावर बोट फिरवा, लाल चिकट थर आणि त्याला धूळ असेल तर तेल गळतंय. टायर धरून पिळा. आणि मागच्या वेळी विमान कोणी ढकललं ते विचारा. टो-बार (विमान ओढायचा दांडा) लावून चाक मध्यापासून ३० अंशांपेक्षा जास्त वळवायचं नसतं, आणि हँगरमधली पोरं जागा कमी म्हणून नेमकं तेच करतात. आमच्याकडे आता फोर्कवर (चाक धरणाऱ्या चिमट्यावर) लाल पट्टी मारून घेतली आहे, ढकलणाऱ्याला मर्यादा दिसावी म्हणून. रंगाचा अर्धा डबा पुरला. बुश बदलल्यावर नऊ लँडिंग झाली, पेडलं स्थिर आहेत.