‘एकदम शांत आहे, ताई’

विकणाऱ्याने पाठवलेल्या व्हिडिओत शॅमेलिऑन त्याच्या तळहातावर डोळे मिटून बसला होता. “बघा ताई, एकदम शांत आहे. हातावरच झोपतो.” मला अगदी असाच हवा होता. आयुष्यातला पहिला पाळीव सरडा, त्यात अंगावर धावून येणारा नको. आता तो व्हिडिओ पाहिला की स्वतःचीच कीव येते. भर दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन शांत नसतो, आजारी असतो. मला हे माहीत नव्हतं. त्याला पक्कं माहीत होतं.

जाहिरात होती व्हेल्ड शॅमेलिऑनची. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियातली, डोक्यावर उंच तुरा असणारी. नवशिक्यांनी शॅमेलिऑन घ्यायचाच तर बरेच जण हीच जात सुचवतात, आणि त्यातही नर घ्या म्हणतात, कारण नराला अंड्यांची भानगड नसते. जाहिरातीत लिहिलं होतं: नर, चार महिन्यांचा, घरच्या जोडीचं पिल्लू. सोबत तीन फोटो. हिरवागार रंग, अंगावर पिवळे पट्टे, मागे कुंडी आणि त्या कुंडीतलं एक पान अर्धं करपलेलं. हे पान लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष बघायला येते म्हटलं तर “कशाला त्रास घेताय, मीच पाठवतो.” कागदपत्रं मागितली तर लगेच एक फाईल आली. शिक्का होता, सही होती, मी खूश. ती नीट वाचली मात्र सगळं हाताबाहेर गेल्यावर. तो साईट्सचा, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराचा, परवाना होता. शॅमेलिऑनच्या बहुतेक जाती साईट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे त्यांना देशाच्या सीमेपार न्यायला असा परवाना लागतो. पण प्राणी घरच्या जोडीचं पिल्लू असेल, तर त्याला सीमेपारचा कागद कशासाठी? शिवाय त्यावर जातीचं नाव होतं ‘फुर्सिफर पार्डालिस’. तो पँथर शॅमेलिऑन, मादागास्करचा. व्हेल्डचं शास्त्रीय नाव ‘कॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस’. म्हणजे कागद दुसऱ्याच प्राण्याचा, आणि मी तो शिक्का बघून मिटला.

“अजून दोघं विचारताहेत” हे वाक्य आलं आणि त्याच संध्याकाळी मी पूर्ण पैसे पाठवले. किटसकट.

खोक्यातून निघालेला प्राणी गडद, जवळजवळ काळपट हिरवा होता. अंगावर मोहरीसारखे पिवळे आणि निळसर ठिपके. तुरा फोटोतल्यापेक्षा बराच ठेंगणा. हा तो नाही असं मनात आलं, तसं विचारलंही. उत्तर तयार होतं: “प्रवासाने घाबरलाय. आणि ते ठिपके म्हणजे नराचे रंग यायला लागलेत, नशीबवान आहात!” शॅमेलिऑन रंग बदलतो एवढं आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याचं सगळं फावलं ते याच अर्धवट माहितीवर. काहीही वेगळं दिसलं की ‘रंग बदलतोय’ म्हणायचं, काम झालं.

आता किटबद्दल, कारण प्राण्याचं निम्मं नुकसान त्या किटने केलं. चारही बाजूंनी बंद काचेची टाकी. वर एक छोटा, पीळ दिलेला निळसर बल्ब, खोक्यावर ‘यूव्हीबी’ छापलेलं, म्हणजे उन्हात असतात ते अतिनील किरण देणारा. पाण्याची वाटी. वाळवलेल्या अळ्यांचा डबा. बिनालेबलच्या पुडीत पांढरी पावडर, “कॅल्शियम आहे”. यातली एकही वस्तू कामाची नव्हती. शॅमेलिऑन साधारणपणे साचलेल्या पाण्याकडे ढुंकून पाहत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो, म्हणून फवारणी करावी लागते, थेंब थेंब पाणी पडेल अशी सोय करावी लागते. भक्ष्य हललं तरच त्याची जीभ सुटते, मग वाळक्या अळ्या काय कामाच्या? त्याला जिवंत रातकिडे, झुरळं लागतात, तीही आधी चांगलं खाऊ घालून पोसलेली आणि कॅल्शियमच्या पावडरीत घोळवलेली. हवा खेळती राहावी म्हणून जाळीचा, उंच, फांद्या-पानांनी भरलेला पिंजरा बरा. बरं, खिडकीतलं ऊन मिळेल म्हणावं, तर काचेतून यूव्हीबी किरण जवळजवळ येतच नाहीत.

पाचव्या दिवशी बुरुजासारखे बाहेर आलेले त्याचे गोल डोळे आत गेलेले दिसले. विष्ठेसोबत जो पांढरा भाग पडतो तो गडद नारिंगी झाला होता. पुढच्या पायांनी फांदी धरताना पकड सुटत होती. “तुमच्याकडे गरम होत असेल,” विकणारा म्हणाला. यावेळी मात्र मी त्याचं ऐकलं नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे गेले.

डॉक्टरांनी मागचा पाय हलकेच वळवला आणि टाचेवर बोट ठेवलं. “इथे काही दिसतंय?” काहीच नव्हतं. व्हेल्डच्या नराला मागच्या पायाच्या टाचेवर एक छोटासा कोंब असतो, आणि तो अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच असतो. वय, रंग, तुरा, कशाकशावर वाद घालता येईल, टाचेवर नाही. मी तिथेच मोबाईल काढून जाहिरातीतला फोटो मोठा केला. त्यातल्या प्राण्याला कोंब अगदी स्पष्ट दिसत होता. म्हणजे फोटो नराचा, पार्सल मादीचं.

एक्स-रेमध्ये पोट अंड्यांनी भरलेलं दिसलं. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते. ‘नराचे रंग’ म्हणून मला विकलेले ते पिवळे-निळे ठिपके गाभण मादीच्या अंगावर दिसतात तसे होते. चार महिन्यांचं पिल्लू तर ती मुळीच नव्हती. डॉक्टरांच्या अंदाजाने वर्षाच्या पुढची. हाडं विरळ झालेली, पुढचे पाय किंचित वाकलेले. यूव्हीबी नसेल तर शरीरात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम पचनी पडत नाही, मग शरीर ते हाडांतून ओढतं. त्यात अंड्यांनाही कॅल्शियम हवंच. डॉक्टरांनी किटमधला बल्ब लावून त्याखाली यूव्ही मीटर धरला. शून्य. बसायच्या फांदीवर यूव्ही निर्देशांक ३च्या आसपास हवा, त्यासाठी चांगली टी५ प्रकारची यूव्हीबी ट्यूबलाइटसारखी नळी लागते. पण एवढे वाकलेले पाय माझ्याकडच्या पाच दिवसांत होत नाहीत. ती आधीपासून तशीच कुठेतरी अंधारात पडलेली असणार.

मी हे सगळं विकणाऱ्याला कळवलं. आधी म्हणाला, तुमच्याकडे आल्यावर बिघडली. मग म्हणाला, “मादी निघाली तर चांगलंच की, पिल्लं होतील!” नर नाही, पिल्लं कुठून होतील हे विचारलं, तेव्हापासून त्याचा नंबर लागत नाही. पैसे अर्थातच गेले.

ओलसर वाळू-माती भरलेली हातभर खोल बादली पिंजऱ्यात ठेवली, बाहेरून चादर टाकली, कारण कोणी बघतंय असं वाटलं तर मादी खोदणं अर्धवट सोडते आणि अंडी पोटातच अडकली तर जिवावर बेततं. चादरीच्या फटीतून मी एकदाच डोकावले. बोगद्यातून फक्त शेपटीचं टोक बाहेर होतं, आणि मागच्या पायांनी माती भिरकावली जात होती. दुसऱ्या दिवशी ती मातीने माखून, अर्धी होऊन बाहेर आली आणि सरळ नळीखालच्या फांदीवर जाऊन बसली. बादलीत ३८ अंडी निघाली.

आता ती मला बघून फुत्कारते, तोंड उघडून अंग फुगवते, हातावर तर अजिबात येत नाही. डॉक्टर म्हणतात, उत्तम लक्षण आहे.

तुम्ही कोणाकडून घेत असाल तर मागच्या टाचेचा जवळून व्हिडिओ मागा, आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून. जिवंत किडा खातानाचाही मागा. दिवसा डोळे टक्क उघडे आहेत ना, ते बघा. त्याने टाळाटाळ केली तर तिथेच थांबा. गेल्या आठवड्यात एका नव्या नावाने जाहिरात दिसली: व्हेल्ड, नर, चार महिन्यांचा, शेवटचा एकच शिल्लक. मागे तीच कुंडी, तेच अर्धं करपलेलं पान.