व्हॅरॅक्टरच्या नावाखाली भलताच डायोड गळ्यात मारला

सांगली-मिरज, साताऱ्याकडे रेडिओचं वेड असलेल्यांनी हे जरूर वाचावं. दुर्मिळ व्हॅरॅक्टर डायोड (व्होल्टेज बदललं की ज्याची कपॅसिटी, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते असा सुटा भाग) म्हणून भलताच माल विकला जातोय. आमचे पैसे त्यात गेलेत.

२०१९च्या महापुरानंतर सांगलीच्या विश्रामबागेतले आम्ही काही जण हॅम रेडिओकडे, म्हणजे हौशी वायरलेसकडे वळलो. पोरांना शिकवायला रिसीव्हर बांधत होतो, पण त्याचा ऑसिलेटर (स्टेशन लावण्यासाठी वारंवारता तयार करणारा भाग) ५ मेगाहर्ट्झवरून निघाला की साडेपाचच्या आसपास अडायचा. वारंवारता दुप्पट करायची तर कॉइलवरची एकूण कपॅसिटी पाव व्हावी लागते. त्यात वायरिंगची आणि फीडबॅक कपॅसिटरची कपॅसिटी कायम चिकटलेली, ती व्होल्टेजने हलत नाही. म्हणून कपॅसिटी खूप बदलणारा व्हॅरॅक्टर, तोशिबाचा १एसव्ही१४९ हवा होता. त्याची कपॅसिटी १ व्होल्टला साधारण ५०० पिकोफॅरड (कपॅसिटीचं एकक), ८ व्होल्टला २५च्या आसपास. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलंय, म्हणून तर नकली मालाचं फावतं.

फोनवर विक्रेता म्हणाला, "सर, जुना ओरिजिनल स्टॉक आहे, मीटरवर तपासूनच पाठवतो." मल्टिमीटरवर डायोड तपासतानाचा व्हिडिओही पाठवला. खरी मेख इथेच आहे. मल्टिमीटरला फक्त डायोड जिवंत आहे एवढंच कळतं. उलट व्होल्टेज वाढवल्यावर कपॅसिटी किती उतरते, हे तो सांगूच शकत नाही.

डायोड बसवले, रेंज जागची हलली नाही. मग बॅटरी, पोटेन्शिओमीटर, मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि मीटरकडे डीसी जाऊ नये म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अशी जोडणी करून कपॅसिटी मोजणारा एलसी मीटर लावला. १ व्होल्टला ३२, ८ व्होल्टला १५ पिकोफॅरड! आमच्या सर्किटमध्ये ६०च्या आसपास पिकोफॅरड आधीचेच आहेत. खरा माल असता तर एकूण ५६०वरून ८५वर उतरलं असतं, म्हणजे वारंवारता अडीचपट. या मालात ९२वरून ७५, जेमतेम दहा टक्के. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर वरचा नंबर निघाला आणि खाली घासलेलं काळं प्लास्टिक दिसलं.

विक्रेत्याला विचारलं तर त्याने सल्ला दिला, "ट्यूनिंग व्होल्टेज शून्यापर्यंत न्या, रेंज वाढेल." हा सल्ला कुणी ऐकू नका. तिथे ऑसिलेटरच्या स्वतःच्या सिग्नलनेच डायोड वाहू लागतो, आवाज खरखरीत होतो आणि वारंवारता एका जागी राहत नाही. पैसे परत मागितल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला. पोरांनी खाऊच्या पैशातून वर्गणी काढली होती, याचा जास्त संताप येतो.

पैसे देण्याआधी १ आणि ८ व्होल्टला मोजलेल्या कपॅसिटीचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पावती आणि चॅट पुसू नका. आम्ही तक्रार केली आहे. कुणाकडे असे शंकास्पद डायोड पडून असतील तर घेऊन या, मोजायची जोडणी आमच्या टेबलावर तयारच आहे.