लाइव्ह अकौस्टिक अल्बम: दोन माइक पुरेत, की वेगवेगळे ट्रॅक?

स्वतःची गाणी, एक गिटार, समोर श्रोते. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात असा कार्यक्रम रेकॉर्ड करून अल्बम काढायचा तर वाटा दोन: समोर दोन कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या) माइकची जोडी, नाहीतर आवाज, गिटार आणि श्रोते यांचे वेगवेगळे ट्रॅक.

स्पीकरशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढी खोली असेल तर जोडीच घ्या. दोन माइकमध्ये 17 सेंटिमीटर अंतर, दोघांत 110 अंशांचा कोन, गायकापासून मीटर-दीड मीटर. गिटार वरचढ वाटली तर स्टँड उंच करून माइक तोंडाच्या पातळीला आणा. हे सगळं तालमीतच ठरवायचं, कारण आवाज आणि गिटारचं प्रमाण नंतर फारसं बदलता येत नाही. रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर करा; तासाला साधारण एक जीबी जातो. सर्वांत चढ्या ओळीला रेकॉर्डरचा पातळी दाखवणारा मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. वरची मोकळी जागा टाळ्यांसाठी: जवळच्या टाळ्या गाण्याहून जोरात येतात, हे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

जोडीला सगळंच ऐकू येतं, हीच तिची अडचण. बेळगावच्या वडगाव-खासबाग भागात शेजारी माग चालू असतील किंवा पावसाळ्यात डोक्यावर पत्रे असतील, तर जोडीचा नाद सोडा. पंखेही बंदच हवेत.

बेळगावातल्या कुमार गंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या सभागृहात स्पीकर लागणारच. मग वेगळे ट्रॅक घ्यावेत. आवाजाला डायनॅमिक माइक (मुख्यतः जवळचा आवाज घेणारा), गिटारच्या पिकअपची (गिटारमध्येच बसवलेल्या, तारांचा कंप टिपणाऱ्या भागाची) वायर डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सर किंवा रेकॉर्डरला जुळवून देणाऱ्या डबीतून), श्रोत्यांकडे दोन माइक. म्हणजे किमान चार चॅनेल. नुसत्या पिकअपचा आवाज टणक, प्लास्टिकसारखा येतो. म्हणून गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीसमोर (फ्रेटसमोर) वीतभर अंतरावर पाचवा माइक लावतात, पण त्यात गाणंही शिरतं. मग बेसूर जागा दुरुस्त केली तरी मूळ सूर गिटारच्या ट्रॅकमधून डोकावतो. श्रोत्यांचे माइक 10 मीटरवर असले तर आवाज तिथे सुमारे 29 मिलिसेकंद उशिरा पोचतो. संपादनात ते ट्रॅक तेवढे अलीकडे ओढा, नाहीतर गाणं घुमल्यासारखं वाटेल. गुरगुर आली तर डीआय बॉक्सचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडणारं बटण) दाबून बघा, मग लॅपटॉपचा चार्जर काढा.

जून ते सप्टेंबर गिटारचं लाकूड फुगून तारा वर उठतात, म्हणून तारीख हिवाळ्यातली बरी. आणि कुठलीही पद्धत घ्या, श्रोते बसल्यावर मिनिटभराची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. दोन गाण्यांमधले सांधे तिनेच बुजतात.