नेरूळच्या धारण तलावाभोवतीची सपाट वाट

पामबीच मार्गालगत नेरूळला असलेला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हा परिसर उद्यान म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा गाभा आहे तो धारण तलाव. खाडीच्या पातळीला जवळजवळ समान असलेल्या या सखल जमिनीवर शहर वसवताना पावसाचे पाणी कोठे जाणार, हा प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून असे तलाव राखले गेले, ज्यांत भरतीच्या वेळी खाडीकडील झडपा मिटल्या की वस्तीतून आलेले पाणी साठते आणि ओहोटी लागली की ते खाडीत उतरते. ही यंत्रणा ठाऊक असेल, तर फेरफटक्याला निराळाच अर्थ येतो.

वाट बांधीव आणि पूर्णतः सपाट असल्याने गुडघ्यांची तक्रार असणाऱ्या ज्येष्ठांनाही ती झेपते. सावली मात्र सलग नाही. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्याआधीच फेरी संपवावी, हे उत्तम. पाण्याला कधी खाडीचा उग्र वास येतो, ज्याची नवी मुंबईकरांना सवय असते, पाहुण्यांना नसते.

रोहित पक्षी पाहण्याच्या आशेने येणाऱ्यांनी हिवाळा सरताना यावे आणि सोबत जवळच्या सीवूड्समधील डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेलगतच्या तलावाकडेही चक्कर टाकावी. सायंकाळी येथे गर्दी फार होते, त्यामुळे झपझप चालणाऱ्यांनी पहाटच निवडावी.