मार्शल १९६०ए कॅबिनेट: स्पीकर काढण्या-बसवण्याच्या नजरेतून

मार्शल कंपनीच्या १९६०ए या कॅबिनेटच्या, म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडायच्या स्पीकरच्या पेटीच्या, आवाजाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. ते उघडायला किती सोपे किंवा अवघड आहे, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. (१९६० हे साल नव्हे, मॉडेलचा क्रमांक आहे.) आत सेलेस्टियन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचे जी१२टी-७५ हे बारा इंची चार स्पीकर असतात, प्रत्येकी ७५ वॉटचे, म्हणून एकूण क्षमता ३०० वॉट. जुने कॅबिनेट घेणाऱ्याला हे स्पीकर कधी ना कधी काढावेच लागतात, आणि त्या कसोटीवर ही पेटी बऱ्यापैकी उत्तम उतरते, असे माझे मत आहे.

सर्वांत मोठी सोय अशी की पुढच्या कापडी जाळीला हात लावावा लागत नाही, कारण स्पीकर मागून बसवलेले आहेत आणि मागची फळी काढली की चारही समोर येतात. कॅबिनेटचे वजन सुमारे ३६ किलो असल्याने ते आडवे करायला मदतीला कोणीतरी हवे. पण ते तोंडावर पालथे घालणे आवश्यकच आहे, कारण उभ्या पेटीत शेवटचा बोल्ट निघताच जड मॅग्नेटसह स्पीकर खाली येऊ शकतो. त्याआधी ॲम्प्लिफायर बंद करून वायर काढून ठेवावी. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

मागच्या फळीला कडेने बरेच स्क्रू आहेत. ते काढण्याचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. खरी मेख पुढे आहे: इनपुटच्या जॅकची पट्टी याच फळीवर असते आणि तिच्या वायरी आत स्पीकरपर्यंत जातात, त्यामुळे फळी झटक्यात उचलली तर टॅग (वायर जोडण्याच्या धातूच्या पट्ट्या) उपटण्याची शक्यता असते. ती जराशी उचलून आतल्या जोडणीचा फोटो घ्यावा आणि मगच टॅग सोडवावेत. तेही वायर ओढून नव्हे, तर पकडीने टॅगलाच धरून. चार १६ ओहमचे स्पीकर दोन-दोन करून सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या समांतर जोडल्या की एकूण पुन्हा १६ ओहमच येतात. हे हिशेबात असेल तर पुन्हा केलेली जोडणी पडताळायला मदत होते.

बोल्ट काढताना ड्रिल मशीन टाळावे. मॅग्नेट लोखंडी टोकाला अचानक खेचतो आणि घसरलेला बिट कागदी कोनातून (स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्यातून) आरपार जातो. सगळे बोल्ट निघाले तरी स्पीकर बहुधा हलत नाही, कारण कडेचे गॅस्केट (मऊ पट्टी) लाकडाला वर्षानुवर्षे चिकटलेले असते. अशा वेळी लोखंडी चौकट दोन्ही हातांनी धरून थोडी थोडी फिरवावी, कोनाच्या बाजूने काही खुपसू नये. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत राहिलेल्या पेटीत बोल्ट गंजलेले निघतात. त्यांवर गंज सोडवणारे तेल थेंबभरच लावावे, ते कोनावर उडू देऊ नये.

परत बसवताना बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि अति जोर लावू नये, नाहीतर चौकट पिळली जाऊन व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारे तारेचे वेटोळे, घासू लागते. फळीचा स्क्रू आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यात टक् करून उतरला की मग घट्ट करावा. एवढे केले तर लाकडातले भोक सैल होत नाही, आणि बंद पाठीच्या पेटीत फळी सैल असेल तर खालच्या स्वरांना खडखड ऐकू येते. शेवटी मल्टिमीटर जॅकवर लावून पाहावा: १६ ओहमच्या जोडणीत आकडा त्याहून थोडा कमी, साधारण १२ ते १४ दिसला तर सर्व ठीक आहे.

हल्ली पुष्कळजण दोन जी१२टी-७५ ठेवून कर्णाच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांत सेलेस्टियनचेच व्हिंटेज ३० हे दोन स्पीकर बसवतात. मधल्या पट्टीचा आवाज भरदार होतो हे खरे, पण व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता (तेवढ्याच वीजशक्तीत निघणारा आवाज) १०० डेसिबल आणि जी१२टी-७५ ची ९७ असल्याने नवे स्पीकर जुन्यांवर कुरघोडी करतात. शिवाय व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा असल्यामुळे पेटीची सुरक्षित क्षमता ३०० वरून २४० वॉटवर येते. १०० वॉटच्या हेडला (वेगळ्या ॲम्प्लिफायरला) एवढी पुरते. मी मात्र चारही एकाच जातीचे ठेवणे पसंत करतो.